मागाच्या खड्ड्याची जागा

मोहाडीतलं हे घर मी एका विणकर कुटुंबाकडून घेतलं. आज दुपारी त्यांची साठीतली मुलगी अचानक दारात आली.

"भाऊ, मागाचा खड्डा कोठी होता जी? बाबा त्यात पाय सोडून दिवसभर विणत बसे."

तो खड्डा मीच बुजवून फरशी बसवली. मधली भिंतही पाडली, त्यामुळे तिला जागा ओळखू येईना. मलाही नक्की आठवेना, तरी मी अंदाजानं बोट दाखवलं. ती तिथं बसून फरशीवर हात फिरवत राहिली.

जाताना म्हणाली, "एकलेच राहता? मंग बाबाची सोबत आहे तुमाले."

तिच्या बाबांची खरी जागा कुठल्याही फरशीखाली असू शकते, म्हणून आता घरात कुठंच निवांत पाय ठेववत नाही. तुम्ही तिला खरं सांगितलं असतं का?