केसरआत्याच्या ग्रहांवरची जागल

आकाशातल्या लढाईचा खेळ जानेफळात माझ्या केसरआत्यानं बनवला, हे मी कुणालाही ठणकावून सांगते. पुण्यामुंबईत असले खेळ डब्यात मिळतात म्हणे. मिळोत!

माणूस चंद्रावर उतरला, त्या वर्षीची गोष्ट. आत्यानं पोत्यावर गेरूनं आकाश आखलं आणि पणत्या उपड्या ठेवून ग्रह केले. एका गड्याची यानं म्हणजे सरकी, दुसऱ्याची तुरीचे दाणे. यानं समोरासमोर आली की कवड्या टाकायच्या. ज्याचं दान मोठं, त्यानं समोरचं यान उचलायचं. आकाश मोकळं झालं की ग्रहावर उतरायचं. पण घेतलेल्या ग्रहावर एक यान राखणीला ठेवायचं, नाहीतर तिथली माणसं तो परत घेऊन समोरच्या गड्याला देणार.

तिचे दीर किसनराव मोठे शेतकरी. पहिल्याच डावात त्यांनी आत्याची यानं झोडपली, धडाधड सगळे ग्रह घेतले आणि मिशीवरून हात फिरवला. राखणीला मात्र एकही यान ठेवलं नाही. आत्या शांतपणे एकेक पणती आपल्याकडे ओढू लागली.

"हे काय वहिनी! जिकलं ते माह्यं!" किसनराव उखडले.

"भाऊजी, हरभरा घाट्यावर आला की वावरात जागलीले माणूस ठेवता नं? मंग ग्रह काऊन मोकळे टाकले?"

किसनरावांनी पुन्हा सरकी मांडली.

पुढं रेडिओवर कुणी चंद्र जिंकल्याचं म्हणालं, की आत्या भाकरी थापता थापता विचारायची, "हाव, पण जागलीले कोन ठेवलं?"