बहियाचा उन्हातला पाव

बहियाला थांबणं माहीत नाही. तिची नि माझी गच्ची एकाच भिंतीला लागून, म्हणून हे मी छातीठोक सांगते. मसुरीला उकळी यायच्या आत ती मीठ चाखते, आणि लग्नाला गेली की नवरी गाडीतून उतरायच्या आत आशीर्वाद देऊन मोकळी होते.

आमच्या किना भागात पाव भाजायच्या आधी उन्हात फुगवतात. मातीच्या तबकड्यांवर कोंडा भुरभुरवून कणकेचे गोळे ठेवायचे, गच्चीवरच्या कबुतरखान्याची सावली सरकेल तशा तबकड्या सरकवायच्या आणि गप्प बसायचं. उन्हाळ्यात पटकन होतं. हिवाळ्यातलं ऊन मात्र कंजूष.

त्या दिवशी नेमका हिवाळा, आणि तिचा नवरा दियाब दोन वर्षांनी कुवेतहून दुपारच्या गाडीनं येणार होता. दियाब आजवर वाखाणत आला तो वहिनीच्या, म्हणजे बहियाच्या थोरल्या जाऊबाई रतीबा हिच्या हातचा पाव. आज त्यानं आपला पाव खावा, एवढंच बहियाला हवं होतं. पहाटे कणीक मळताना तिचे डोळे भरून आले होते.

तासाभरात तिनं फडकं नऊ वेळा उचललं.

"अगं, कणीक आहे ती, तान्हं बाळ नाही. सारखी काय बघतेस?" मी भिंतीवरून म्हटलं.

"हलेचना मेली!"

"तू हललीस की हलेल."

मी कपडे वाळत घालायला वळले, तेवढ्यात बाईनं सगळ्या तबकड्या पेटत्या भट्टीच्या घुमटावर नेऊन मांडल्या. गोळ्यांची बुडं भाजून तबकड्यांना चिकटली, वरचं पीठ तसंच मुकाट. खरवडून भट्टीत ढकलले, तर बाहेर आले ते निव्वळ दगड. एक बकरीपुढे टाकला. बकरीनं हुंगून तोंड फिरवलं.

बहिया मटकन खाली बसून रडायला लागली. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. रतीबा खालून वर आली आणि तिनं आपल्या टोपलीतले चार पाव बहियाच्या परातीत ठेवले.

"हे तुझेच म्हणून वाढ. फक्त जेवण होईस्तोवर तोंड बंद ठेव."

"ठेवते, जाऊबाई."

दियाब आला, हात धुऊन गच्चीवर उन्हात जेवायला बसला. भाजीत बुडवून पहिला घास तोंडात टाकला. "वा! अगदी वहिनीसारखा..."

"वहिनीचाच आहे!" बहिया ओरडली. "माझा बकरीनंसुद्धा खाल्ला नाही!"

रतीबानं कपाळावर हात मारला. दियाबला हसता हसता ठसका लागला. मग म्हणाला, "बकरीचं राहू दे, मला आण."

दातानं तुटेना, तेव्हा त्यानं वाडग्यात गरम दूध ओतून तो पाव बुडवून ठेवला.

"भिजायला वेळ लागेल. तोवर बस इथं माझ्याजवळ."

बहिया बसली. दोन वर्षांचं बोलणं निघालं, आणि तिनं एकदाही वाडग्यात डोकावून पाहिलं नाही. ऊन उतरलं तेव्हा शेवटी दियाबच म्हणाला, "आता भिजला असेल का गं?"

"थांबा की जरा," बहिया म्हणाली.