मंत्र्याला पाडणारा एडका

आमच्या घराण्यात कुणी सरपंच झालं नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही, कुणाला लॉटरीही लागली नाही. तरी फर्दापूरच्या आसपासच्या गावांत आमचं नाव होतं, ते एका एडक्यामुळं. माझ्या वडलांच्या एडक्यानं जनावरांच्या प्रदर्शनात मंत्री पाडला होता.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचा जन्म पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षीचा. "मी आलो अन् निजाम गेला," असं ते सांगायचे, पण त्याला गावात कुणी भाव देत नव्हतं. त्या वर्षी जन्मलेली माणसं गावात बरीच होती आणि प्रत्येकानं निजाम आपापल्या परीनं घालवला होता. एडका मात्र एकट्या दादांचा.

गोष्ट माझ्या जन्माआधीची. दादांनी मेंढरांच्या कळपातला एक एडका हरभऱ्याची डाळ चारून पोसला आणि फर्दापुरात भरलेल्या तालुक्याच्या प्रदर्शनात नेला. बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ. हार घालायला मंत्री वाकले, एडका चार पावलं मागं सरला, आणि पुढच्या क्षणी मंत्री मंडपाच्या चिखलात उताणे. इथवर गोष्ट दर वेळी सारखी असायची. बदलायचे ते मंत्री. मी शाळेत जायला लागले तेव्हा ते उपमंत्री होते. चौथीत असताना राज्यमंत्री झाले. मी दहावी पास झाले त्या उन्हाळ्यात दादांनी त्यांना कॅबिनेटमध्ये घेतलं. याच काळात उत्तेजनार्थ बक्षीसही सरकत सरकत पहिलं झालं. एडका तोवर मरून गेला होता, त्यामुळं त्याची काही हरकत नव्हती.

दादांची फर्दापूरच्या फाट्यावर चहाची टपरी होती. लेणी बघायला आलेली माणसं तिथं थांबायची. एकदा एका गाईडनं गोऱ्या पाहुण्यांना ही गोष्ट इंग्रजीत सांगितली. ते पोट धरून हसले, दादांचा फोटोही काढला. मागाहून कळलं की गाईडनं मंत्र्याच्या जागी राजा घातला होता. दादांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "त्यांला समजायला सोपं पडतं," ते म्हणाले.

मी कॉलेजसाठी शहरात आले तेव्हा एडकाही माझ्याबरोबर वसतिगृहात आला. मैत्रिणी माझी ओळख करून द्यायच्या, "हिच्या वडलांनी मंत्री पाडला." समोरचा विचारायचा, "कोणत्या मतदारसंघात?" मग सगळी गोष्ट सांगावी लागायची. मीही ती खुशीत सांगायचे. माझ्यापाशी दुसरं सांगण्यासारखं होतं तरी काय?

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला स्थळ आलं. मुलगा वाळूजला कारखान्यात, घर औरंगपुऱ्यात, वडील सरकारी कचेरीत कारकून. आपल्यातलेच, पण दोन पिढ्यांपासून मेंढरांचा वास विसरलेले. बघायचा कार्यक्रम बजाजनगरला माझ्या मामाच्या दोन खोल्यांत ठरला. दादा आणि माय सकाळच्या एसटीनं आले. पाहुणे रिक्षातून आले, मुलगा आणि त्याचे आई-वडील.

मुलाचे वडील सतरंजीवर बसले नाहीत. त्यांनी खुर्ची मागून घेतली.

"गुडघा," ते म्हणाले. "जुनी जखम आहे. सरकारी कामात झालेली."

"पडलात का कुठं?" मामानं विचारलं.

"पडलो, पण दुसऱ्याला पडू दिलं नाही," असं म्हणून ते गंभीर झाले. मुलानं मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यावरून मी दाराआडून ओळखलं, याच्याही घरात कुठलातरी एडका आहे.

पण मामाला धीर नव्हता. आपल्या बाजूचं वजन आधी टाकावं म्हणून तो दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हे आमचे दाजी. साधा माणूस समजू नका. यांच्या एडक्यानं फर्दापुरात भर मांडवात मंत्री पाडला होता!"

मुलाच्या वडलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मंत्री नाही पडले," ते म्हणाले.

"म्हंजे?" दादा म्हणाले.

"मी पडलो होतो."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

त्यांची गोष्ट अशी होती. ते तेव्हा नवे नवे नोकरीला लागले होते आणि प्रदर्शनात माईकवर बक्षिसं पुकारायचं काम त्यांच्याकडं होतं. एक माजलेला एडका मंत्रिमहोदयांवर धावून आला. त्यांनी जिवाची पर्वा न करता मधे उडी घेतली, धडक गुडघ्यावर झेलली, आणि मंत्र्यांनी स्वतः हात धरून उठवत त्यांना "शाब्बास" म्हटलं. औरंगपुऱ्यात त्यांना जो मान होता तो या गुडघ्याचा होता. त्यांचे भाऊ दुकानदार होते, पैसेवाले होते, पण मंत्र्याचा जीव त्यांच्यापैकी कुणी वाचवला नव्हता.

"माजलेला?" दादांचा आवाज चढला. "माझा एडका माजलेला नव्हता. अन् उडी कुठली मारता? तुमाला तर त्यो दिसलाच नाय! तुमी त्याच्याकडं पाठ करून वाकला होता, माईकची वायर सोडवत. समोर आयतंच दिसलं, दिली त्यानं!"

मुलगा आपल्या वडलांच्या गुडघ्याकडं बघत होता. वायर सोडवायला वाकलेल्या माणसाला पाठीमागून आलेली धडक गुडघ्यावर कशी बसेल, याचा तो हिशोब करत असावा. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता त्याचा.

"अन् मी पडलो म्हणता, तर मंत्री कसे पडले?" मुलाच्या वडलांनी विचारलं.

दादांना आता कळलं की आपण स्वतःच्याच हातानं आपला मंत्री उभा केला.

मी ट्रे तसाच घेऊन आतल्या खोलीत परतले. माय स्टोव्हपाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "मंत्री आलेच नव्हते गं. मी होते की तिथं. येणार येणार म्हणून सकाळधरनं मेंढरं उन्हात उभी केली, अन् दुपारी सांगितलं, साहेब येत नायत. हार कुण्यातरी तलाठ्यानं घातला."

मागं बांगड्या वाजल्या. मुलाची आई पाणी मागायला म्हणून आत आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मायनं जीभ चावली.

"राहू द्या," ती बाई म्हणाली. "आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष होतं. पँट मीच शिवली ना. गुडघ्यावर नव्हती फाटली."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग माझी माय पदर तोंडात धरून हसायला लागली, आणि तीही. इतकी वर्षं दोघींनी आपापल्या घरी जे गिळलं होतं ते त्या स्टोव्हपाशी एकदम बाहेर आलं. मला वाटतं, माझं लग्न तिथंच ठरलं.

बाहेर मात्र मुलाचे वडील उठून चपला शोधत होते. "निघतो आम्ही," असं ते दाराला सांगत होते. त्यांच्या बायकोनं आतूनच हाक दिली, "बसा हो. चहा यायचाय. अन् पोरगी आम्हाला पसंत आहे."

ते थांबले, पण परत बसायला त्यांना कमीपणा वाटत होता. दादा उठले आणि म्हणाले, "चला पाव्हणं, पान खाऊन येऊ." दोघं कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. आधी दोघांचे हात जोरजोरात हलत होते. मग एकाचेच हलू लागले. मग दादांनी वाकून वायर सोडवून दाखवली, पण ते लगेच सरळ झाले आणि दोघांनी मिळून ती हालचाल रद्द केली.

परत आले तेव्हा दोघांची तोंडं लाल आणि गोष्ट एकच होती. मंत्री आले होते. एडका धावला. मुलाच्या वडलांनी मधे उडी घेतली, पण एडका इतका दांडगा की धडक त्यांच्या गुडघ्यातून पार होऊन मंत्र्यांपर्यंत पोचलीच. मंत्री पडले, पण थोडेसेच, आणि वाचले ते यांच्यामुळं.

"कॅबिनेट मंत्री," दादा म्हणाले.

"अर्थात," व्याही म्हणाले.

लग्नात दोघांनी ती गोष्ट जेवणाच्या पंगतीत सांगितली, एक या टोकापासून आणि दुसरा त्या टोकापासून, आणि मधल्या माणसांना जिलेबी खाता खाता ती दोन्ही कानांनी ऐकावी लागली. पुढं दरवर्षी दिवाळीला दोघं एकत्र आले की ती व्हायची. एक जण थांबला की दुसरा उचलायचा. नवऱ्याच्या कारखान्यातले दोस्त मला "एडक्यानं जमवलेली वहिनी" म्हणायचे. तेवढी माझी स्वतःची कमाई.

दादा गेल्याला आता काही वर्षं झाली. तेराव्याला गावाकडची माणसं अंगणात बसली होती. सासरे काठी टेकत आले होते. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, आता एडक्याची गोष्ट कोण सांगणार? सासऱ्यांनी घसा साफ केला आणि सांगायला घेतली. डाळ चारून पोसलेला एडका, पहिलं बक्षीस, हार घालायला वाकलेले मंत्री, आणि एका धडकेत चिखलात उताणे. अगदी दादा सांगायचे तशी. मी वाट बघत होते, त्यांची उडी काही आली नाही. गोष्ट संपली.

भावकीतल्या एका पोरानं विचारलं, "अन् तुम्ही कुठं होता तवा?"

"मी?" सासरे म्हणाले. "मी लांब होतो. माईकपाशी."

माय भिंतीला टेकून बसली होती. दिवसभर ती कुणाशी फारसं बोलली नव्हती.

"लांब कुठले," ती म्हणाली. "मधी होते ते. मी बघितलंय."