वाटीत राहिलेला फ्लोट

समजा, तुमच्या तळहातावर पितळेची एक डबी आहे. पेढ्याहून थोडी मोठी, चपटी, सगळीकडून बंद. बाजारात नारळ हलवून बघतात तशी ती कानाशी नेऊन हलवा. आत काही खळखळलं नाही तर डबी चांगली. खळखळलं तर तिला कुठंतरी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलंय आणि तेल आत शिरलंय. आता ते भोक शोधा, आतलं तेल काढा, भोक बुजवा. आणि हे सगळं करताना डबीचं वजन वाढू देऊ नका. कारण ही डबी म्हणजे ट्रॅक्टरच्या कार्बोरेटरचा फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत तेल चढलं की डबी तरंगत वर येते आणि एका सुईला ढकलून तेलाची वाट बंद करते. जड झाली की ती बुडते, वाट उघडी राहते, कार्बोरेटर भरून वाहू लागतो आणि एवढं मोठं लोखंडी धूड जागचं हलत नाही.

औंढ्याच्या बयाबाईनं हे काम केलं ते १९४४ सालच्या चैत्रात. तिला अक्षरओळख नव्हती आणि हातात फक्त चार दिवस होते.

मुंबईच्या एका शेठचा खंडाळ्याला बंगला होता आणि औंढ्याला चाळीस एकरांचा खडकाळ माळ. तो फोडून आंब्याची बाग करायची म्हणून शेठनं लोखंडी दातेरी चाकांचा एक जुना ट्रॅक्टर आणला आणि त्यावर रखमाजीला ड्रायव्हर नेमला. रखमाजी लोणावळ्याच्या एका मोटार गॅरेजात काम शिकलेला. ट्रॅक्टरच्या छपराला लागूनच ड्रायव्हरची खोली होती. लग्न होऊन बयाबाई त्या खोलीत आली ती ट्रॅक्टरच्या आवाजातच.

रखमाजीची बोटं जाड. कार्बोरेटर साफ करून झाला की ती बारीक सुई जागेवर बसवताना त्याच्या हातून सुटायची. मग छपरातून हाक यायची, "बये, ये गं जरा." ती पिठाचे हात पदराला पुसत यायची आणि दोन बोटांत धरून सुई अलगद बसवायची. तो म्हणायचा, "देवानं बोटं तुला दिली आन् डोकं मला." ती म्हणायची, "डोकं तरी दिलं का, बघा नीट." असं पाच वर्षं चाललं. ती सुई बसवायची आणि तो यंत्राची एकेक गोष्ट सांगत राहायचा, कारण गप्प बसणं त्याला जमायचंच नाही. बयाबाईला ते सगळं पाठ झालं होतं, जात्यावरची गाणी होतात तसं.

दोन वर्षांपूर्वी माघात फ्लोट गळायला लागला. रखमाजी पहाटेच्या गाडीनं निघाला. "पुण्यासनं नवा फ्लोट आणतो. आठ दिसांत येतो." महिन्यानं कार्ड आलं : पलटणीत लॉरी हाकतो, खुशाल आहे, काळजी करू नये. गाव कुठलं ते लिहिलेलं नव्हतं, नुसता पलटणीचा पत्ता होता. मग आणखी तीन कार्डं आली. शेवटचं दसऱ्याला आलं, त्यालाही सहा महिने झाले होते.

गावात सगळे म्हणायचे, पुण्यात भरतीवाल्यांनी त्याला गाठलं, ड्रायव्हर म्हटल्यावर सोडतात होय. बयाबाईही तेच म्हणायची. त्यात तिला एक आधार होता. तो गेला नव्हता, त्याला नेलं होतं. तिनं ट्रॅक्टरवर गोणपाटं घातली, चाकांना वंगण चोपडलं, कोंबड्या आत बसू दिल्या नाहीत. बागेत रोजावर झाडांना पाणी घालताना घाटातून गाडीची शिटी आली की तिचा हात थांबायचा. स्टेशनावरून औंढ्याला यायला माणसाला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. तेवढा वेळ गेला की ती पुढच्या झाडाकडे वळायची.

त्या सोमवारी बागेचे कारभारी महिपतीआबा खोलीपाशी आले आणि दारातच उभे राहिले.

"बया, शेठचं पत्र आलंय. लढाईमुळं लोखंडाला मागणी लय. शुक्रवारी पुण्याचा भंगारवाला लॉरी घेऊन येतोय."

"आन् ह्ये आल्यावर काय चालवत्याल?"

"त्यो आल्यावर बघू की."

"ट्रॅक्टर न्हाई तर ड्रायव्हर न्हाई. ड्रायव्हर न्हाई तर ही खोली न्हाई. मग त्ये येत्याल कुटं, आबा?"

महिपतीआबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. "चालू ट्रॅक्टर भंगारात घाला असं शेठ बी म्हणायचा न्हाई. पण चालू करणार कोण? सगळे ड्रायव्हर पलटणीत."

"मी करते."

"तू? आगं, ट्रॅक्टर हाय त्यो, चूल न्हाई!"

"चूल पेटवायला बी अक्कल लागती, आबा. कधी पेटवलीया का?"

आबा हसले. "शुक्रवारपतुर तुजा."

बयाबाईच्या मनात बेत तयार होता. जुना फ्लोट रखमाजी नमुन्याला घेऊन गेलेला. तेव्हा वाटीचं माप घ्यायचं आणि गावातल्या गेणू कल्हईवाल्याकडून पितळेच्या पत्र्याची नवी डबी करून घ्यायची. गेणू पन्नाशीचा, भांडी घडवणारा, डाग देऊन भोकं बुजवणारा, तोंडानं सैल पण हातानं चोख. दुपारी तो भाता खांद्यावर टाकून आला. बयाबाईनं गोणपाट ओढलं, पान्यानं वाटीचा नट सैल केला. दोन वर्षांत तिनं हे झाकण उघडलं नव्हतं. आत फ्लोटच नाही, तर उघडून बघायचं काय?

वाटी खाली आली. आत तळाशी हिरवट, चिकट झालेला फ्लोट बसला होता.

"आरं तिच्या!" गेणू ओरडला. "डबी तर हितंच हाय! नशीब काढलंस बया, घडवायची कटकट वाचली." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मग रखमा नमुना म्हणून काय घेऊन..." आणि तो भात्याची कातडी उगीचच चाचपू लागला.

बयाबाई फ्लोटकडे बघत राहिली. मावळातला माणूस पुण्याला साधा बोल्ट आणायला निघाला तरी जुना बोल्ट रुमालात बांधून नेतो. रखमाजी तर याबाबतीत भलता कडक. एकदा महिपतीआबा नमुन्याशिवाय लोणावळ्याला पट्टा आणायला निघाले, तर त्यानं त्यांना वेशीपासून माघारी बोलावलं होतं. "डोळ्यांत माप मावत न्हाई, आबा," असं चारचौघांत सुनावलं होतं. आणि तोच माणूस फ्लोट आणायला गेला आणि फ्लोट इथंच.

"इसरला आसंल," गेणू म्हणाला.

"व्हय," बयाबाई म्हणाली. "आसंल."

तिनं फ्लोट उचलला आणि कानाशी हलवला. खळखळला.

ती उठली आणि पाणी तापत ठेवलं. हात चालू ठेवणं त्या वेळी सोपं होतं. गेणूनं भट्टी मांडायला घेतली तशी ती म्हणाली, "गेणूभाऊ, आगीपाशी न्यायचं न्हाई अजून. आत तेल हाय. भडका हुईल, तुमची मिशी जाईल."

"मिशीवर नको बोलू. एवढीच इस्टेट हाय."

कढत पाण्यात तिनं फ्लोट चमच्यानं दाबून धरला. थोड्या वेळानं कडेपासून बोटभर अंतरावर एक बारीक बुडबुडा निघाला. मग दुसरा, मग माळच लागली. तिनं सुईनं तिथं ओरखडा काढला. भोक खाली धरून पुन्हा पुन्हा कढत पाण्यात बुडवलं. आतली वाफ फुगली की थेंब थेंब तेल बाहेर यायचं. तिन्हीसांजेला फ्लोट हलवला तर आवाज आला नाही. मंगळवारी दिवसभर उन्हात ठेवला. वास गेल्यावरच बुधवारी सकाळी गेणूच्या हाती दिला आणि ती बागेत कामाला गेली.

दुपारी गेणूनं फ्लोट आणला, तो रुपयासारखा चकाकत होता. भोकावर डाग दिलेला होताच. पण हिरवं पडलेलं पितळ बघून त्याला राहवलं नव्हतं. सगळ्या फ्लोटला त्यानं दोन हात कल्हई दिली होती.

"आमच्या घराण्यातनं कळकट भांडं कधी भाईर गेलं न्हाई," तो छाती काढून म्हणाला.

बयाबाईनं सुई बसवली, वाटी चढवली, तेलाची तोटी फिरवली. घटकाभरात कार्बोरेटरच्या पोटाखालून टप टप सुरू झालं. टाकीत होतं तेवढं रॉकेल जमिनीत मुरलं. ती तिथंच बसली. मग उठून घरातल्या वाटीत उरलंसुरलं रॉकेल घेतलं आणि फ्लोट त्यात सोडला. डबीच्या मधोमध जोडाची शिवण असते. रखमाजी म्हणायचा, शिवण तेलाच्या वर दिसली तर डबी हलकी. शिवण दिसत नव्हती.

"गेणूभाऊ, ताटाला कल्हई चालती. ह्याला पोहायचंय. तुमी त्याच्या अंगावर चिलखत घातलं."

गेणूचा चेहरा पडला. "भट्टीत धरून पुसून काढू?"

"नको. त्यात डाग बी पाघळंल."

मग दोघं छपरात समोरासमोर बसली आणि विटेची बारीक भुकटी करून ती कल्हई घासू लागली. बुधवारचा दिवस त्यात मावळला आणि गुरुवारही. डागावर बोट ठेवून तेवढा वाचवायचा आणि बाकीचं घासायचं. पत्रा पातळ, जोर करता येत नव्हता. गेणू घराण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. घासताना बयाबाईच्या डोक्यात एकच चाललं होतं. माप त्याला पाठ असेल. नाहीतर पहाटेच्या घाईत राहिला असेल. त्या पहाटे घाई होती का? तिनं आठवून पाहिलं. त्यानं चहा दोनदा घेतला होता. दारात उभं राहून तिच्या हातांकडे बघत म्हणाला होता, जप. आठ दिवसांसाठी कोणी जप म्हणतं का? म्हणतही असेल. दोन वर्षं ती या पहाटेकडे प्रेमानं बघत आली होती, आता तिचा एकेक तुकडा तिला पारखून घ्यावा लागत होता.

गुरुवारी संध्याकाळी वाटीतल्या रॉकेलवर शिवण वर आली.

शुक्रवारी लॉरी आली तेव्हा बयाबाई सुई बसवत होती. भंगारवाल्याची माणसं दोर घेऊन उतरली. महिपतीआबांनी त्यांना हात केला आणि ट्रॅक्टर सुरू करण्यापुरती जपून ठेवलेली पेट्रोलची बाटली पुढं केली. गेणूनं हँडल धरलं.

"आंगठा बाकीच्या बोटांसंगंच ठेवा," ती म्हणाली. "उलटं आलं तर मनगट जाईल."

"आज माजं काय काय जाणार हाय, तेवढं तरी सांग!"

पहिल्या फिरवणीला काही नाही. तिसऱ्याला खोकला. सातव्याला धूर, धुरामागून एक धडका, मग दुसरा, आणि सबंध छप्पर थरथरू लागलं. कार्बोरेटरखाली बयाबाईनं कोरडं फडकं धरलं होतं. ते कोरडंच राहिलं. पोरं पळत आली. भंगारवाल्यानं दोर गुंडाळला. आबांनी त्या गोंगाटात ओरडून काहीतरी सांगितलं; तिला एवढंच कळलं की शेठला तार जाणार आणि खोली राहणार.

हा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल तेव्हा आपण काय करू, हे तिनं दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं. रडायचं ठरवलं होतं. आता ती ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

दुपारी आबा कार्ड आणि दौत घेऊन ओट्यावर बसले. "सांग, काय लिवू?"

"लिवा, ट्रॅक्टर चालू झाला. खोली हाय. कवाबी या."

आबांनी लिहिलं. "फुडं?"

"लिवा, गेणूभाऊंनी मदत केली."

"कल्हईचं लिवू का?"

"नका. हसत्याल त्येंना."

आबांचा टाक थांबून राहिला. कार्डावर अजून दोन ओळींची जागा होती. बयाबाईनं खाली बघितलं. विटेची भुकटी अजून नखांत होती. माप पाठ होतं, एवढं जरी उलट टपाली कार्डात आलं, तरी तिचं भागणार होतं. इसरलो, असं आलं तरीही.

"आता लिवा, आबा," ती म्हणाली, "नमुना वाटीतच ठिवून तुमी फ्लोट आणायला कसं निघालात?"