आक्कांच्या दोन ओळी

वर्तमानपत्रात चूक सापडली की आक्का तिच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारत आणि कात्रण घेऊन थेट आमच्या बेळगावच्या कचेरीत येत. ‘चूक’ हा शब्द त्या वापरत नसत. “एवढं परत बघ,” म्हणत. त्या वडगावच्या विणकर घरातल्या, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. मलाही त्यांनीच शिकवले होते.

रविवारच्या पुरवणीत मी लिहिले होते : प्रत्येक तारा दीर्घिकेच्या केंद्राभोवती फिरून पुन्हा त्याच जागी येतो. त्या वेळी मात्र त्या आल्या नाहीत. फोन केला. “घरी ये. हे नुसतं सांगून कळायचं न्हाय.”

त्यांच्या घरचा माग विकला होता, मागच्या सोप्यात त्याची चौकट तेवढी उरली होती. तिच्या आडव्या दांडीला दोन ठिकाणी दोरी बांधून, खाली दोन्ही पदर एकत्र गाठून आक्कांनी तळाला भोक पाडलेला डबा टांगला. त्यात रांगोळी भरली आणि डबा तिरका सोडला. फरशीवर लंबगोल उमटला. तो चपटा होत रेघ झाला, मग डबा उलट्या दिशेने फिरू लागला. बघता बघता फरशीवर रांगोळीच्या रेघांनी एक चौकोन भरून गेला.

“दीर्घिका लांबट असली की ओढ सगळीकडनं सारखी नसती. मग लई तारे असंच हिंडत्यात. कवा वळसा, कवा केंद्राच्या अंगावरनं. कुठं आला रं परत जाग्यावर?”

“साडीच्या काठासारखं दिसतंय,” मी म्हणालो.

“काठाची नक्षी फिरून जुळती, ही जुळत न्हाय. माझ्या बाबांनी असला काठ विणला असता तर दुकानदारानं साडी परत धाडली असती.” मग म्हणाल्या, “दोन ओळी छाप. माझ्याकडं शिकायला येणारी पोरं तुझं कात्रण वहीत चिकटवत्यात.”

पुढच्या रविवारी छापतो, असे मी सांगितले. त्या रविवारी जाहिरात आली, नंतरच्या रविवारी मोर्चा. आक्का दर सोमवारी फोनवर विचारत, “आलं काय रं?” पुढे विचारेनाशा झाल्या. जागा नव्हती, हे खरे नाही. दोन ओळींना जागा नेहमी असते. लेखाखाली माझे नाव होते, एवढेच.

त्यांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. वय, शाळा, अंत्यविधीची वेळ, सगळे दोनदा तपासले. एकही चूक नव्हती.

आक्कांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थिनीने वही दाखवली. माझे कात्रण नीट चिकटवलेले होते. त्या वाक्याखाली लाल रेघ आणि शेजारी आक्कांचे अक्षर : ‘दुरुस्ती येणार आहे. तोवर जागा सोडा.’

खाली दोन ओळी कोऱ्या होत्या.