जिन्यातली पायरी

सोसायटीच्या जिन्यात नवा कॅमेरा बसवला. कोणी जरा जास्त थांबलं की माझ्या, म्हणजे सेक्रेटरीच्या, फोनवर घंटी वाजते. रोज संध्याकाळी ती वाजायची. चौथ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी बाजूला ठेवून पायरीवर बसायच्या, पदरात तोंड लपवून रडायच्या आणि डोळे पुसून वर जायच्या. घरात काका अंथरुणाला खिळलेले.

एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा न राहवून मी म्हटलं, "काकू, बरं आहे ना? रोज इथे बसता म्हणून विचारलं."

त्यांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. "गुडघे दुखतात हो," म्हणाल्या.

रडायला माणसाला एका पायरीएवढी जागा पुरते. तीही मी काढून घेतली.

आता घंटी वाजत नाही. काकू न थांबता जिना चढतात. कॅमेऱ्याखालून जाताना तेवढ्या हसतात, फोटोसाठी हसावं तशा.