ट्रंकेवरचा नंबर

ऑइलपेंटचा वास आला की धामणकर नाक्यावरचा तो पेंटर आठवतो. फौजेत बारा वर्षं झाली होती, पेन्शनला तीन उरली होती, आणि सुट्टीवर आलो तर वडील लकव्याने खाटेवर. आई म्हणाली, "तीनच वर्सं हायेत रं, पन यांना उचलाला घरी कोन हाय?" नोकरी सोडायचा अर्ज खिशात ठेवून मी माझा फौजेतला नंबर लिहिलेली गंजलेली ट्रंक रंगवायला नेली. पेंटरने विचारलं, "फौजी, नंबर रखना है या मिटा दूँ?" मी चहा पिऊन येतो म्हणून सटकलो. परतलो तेव्हा त्याने आपल्याच मनाने नंबर मिटवला होता. मग मी अर्ज दिला, पण ठरवलं नक्की कोणी, ते अजून कळत नाही. आता वरचा रंग झिजून नंबर पुन्हा दिसायला लागलाय.